कळकाला जागा

ओढ्याकाठी समारंभाने लावलेल्या कळकाच्या बांबूशेजारी पाहुण्यांच्या नावाची दगडी पाटी आहे. पाटी पहिल्या दिवसापासून भरभक्कम होती. कळकाच्या काठ्या मात्र बोटाएवढ्याच राहिल्या.

“गावाची लाज काढली यानं,” म्हणत सरपंचबाई काल कुदळ घेऊन आल्या. माझी बायको आडवी आली.

“बाई, उगवलेली काठी नंतर जाड होतच नाही. दर पावसाळ्यात नवा कोंब आधीच्यापेक्षा जाड येतो. बघा तर.”

तिने पालापाचोळा सारला. ओल्या मातीतून मनगटाएवढा कोंब वर येत होता. स्वतः बारीक राहून पुढच्याला जाडी देणारे मोठेपण मी कुठल्याच समारंभात पाहिलेले नाही.

बाईंनी कुदळ पाटीकडे वळवली. “मग हीच सरकवू. त्याला जागा लागेल.”