बिडाचं बाळंतपण

आणीबाणी नुकतीच उठली होती. त्या सुमारास आंधळगावच्या चंद्रभान निनावेनं घरचा हातमाग सोडला आणि बसस्टँडजवळ वेल्डिंगचं दुकान टाकलं. विद्या त्यानं नागपूरला मिळवली होती. मामेभावाच्या लग्नाला गेला असताना समोरच्या वेल्डिंगच्या दुकानापुढं तो बसून राहिला आणि पाहून पाहून शिकला. काळी काच न लावताच पाहिलं, त्यामुळे परतीच्या एसटीत त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या. बापाला वाटलं, पोरगं पस्तावलं.

लोखंड म्हणजे लोखंड, एवढीच त्याची समजूत होती. फाटक असो, नांगर असो की सायकल, सगळ्यांना वेल्डिंगची एकच कांडी. कांड्यांचे पुडे जमिनीवर पडलेले असत. पावसाळ्यात त्या ओल धरत आणि मग जोडाला इडलीसारखी छिद्रं पडत. ती चंद्रभान लाल रंगानं बुजवी. गिऱ्हाईक रंगावरून बोट फिरवून खूश होऊन जाई. काम हातोहात मिळे, त्यामुळे चंद्रभानचं नाव झालं.

गावात आनंदरावांची धानाची गिरणी होती. तिच्या पुलीला तडा गेला, तेव्हा त्यांनी ती चंद्रभानकडे पाठवली. त्यानं ती जोडून, रंगवून परत केली. थोड्याच दिवसांत ती पुन्हा तुटली, पण जोडावर नाही, जोडाच्या अगदी शेजारी. चंद्रभाननं ते सगळ्यांना दाखवलं. आपला जोड जसाच्या तसा आहे, लोखंडच कच्चं निघालं, त्याला आपण काय करणार, असं त्याचं म्हणणं. गावाला ते पटलं. आनंदरावांनाही पटलं.

दुसऱ्यांदा त्यानं जोडावर जोड चढवून पुली चांगली जाड केली आणि ती फिरताना पाहायला मुद्दाम गिरणीत जाऊन उभा राहिला. पट्टा चढला, पुलीनं वेग घेतला, आणि तिचा एक तुकडा चंद्रभानच्या कानाजवळून सूंकन जाऊन टिनाची भिंत फोडून बाहेर पडला. आनंदरावांनी तुकडा आणवून निरखला. जोड याही खेपेला तुटला नव्हता, म्हणून त्यांची काही तक्रार नव्हती. चंद्रभाननं मात्र तो तुकडा मागून घेतला.

गावात कोणाला काही न सांगता त्यानं तो तुकडा धोतराच्या फडक्यात बांधला आणि भंडाऱ्याला मोतीलालकडे गेला. मोतीलाल पितळ आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतणारा कारागीर होता. आपल्याइतकं धातूंचं ज्ञान जिल्ह्यात कोणाला नाही, हे तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगे. आधी त्यानं आपल्या आज्याची थोरवी ऐकवली. ती संपल्यावर साध्या लोखंडी पट्टीवर छिन्नी मारली, तर वळलेली साल निघाली. मग पुलीच्या तुकड्यावर मारली, तर नुसता भुगा पडला. तो चोळल्यावर बोटं काळी झाली.

"हे बीड होय," मोतीलाल म्हणाला. "याले ताण सोसत नाही. तू एकाच जागी आग लावतं, बाकीचं थंडच राहते. जोड निवताना आखडते अन् बाजूचं फाडते."

मग करावं तरी काय, असं चंद्रभाननं विचारलं. मोतीलालनं सांगितलं: आधी सगळा नग हळूहळू तापवायचा. बिडासाठी निकेलची वेगळी कांडी मिळते ती वापरायची. थोडं थोडं जोडत जायचं, गरम आहे तोवर हातोडीनं हलकं ठोकायचं, आणि मग राखेत पुरून अगदी सावकाश निवू द्यायचं.

"अन् पुली?"

"फिरत्या चीजेले हात लावू नको. नवी घ्या म्हणाव. एखाद्याचं डोस्कं फोडशीन."

चंद्रभान सुधारला, आणि त्याचा धंदा बसायला लागला. गिऱ्हाईक आलं की तो आधी छिन्नी मारून धातू तपासे. गंज आणि तेल निघेपर्यंत घासत बसे. जोडण्याआधी तडा कानशीनं रुंद करी, तेव्हा लोक म्हणत, याला जोडायला दिलं तर हा आणखीच फाडतो. कांड्या कोरड्या राहाव्यात म्हणून त्यानं त्या पेटीत ठेवून आत विजेचा दिवा लावला. त्यावर बसस्टँडवर हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. आनंदरावांची पुली त्यानं हात न लावता परत पाठवली, तेव्हा चंद्रभानचा हात गेला, असं गावानं ठरवूनच टाकलं. जो तो मोहाडीच्या नत्थू वेल्डरकडे जाऊ लागला. गिऱ्हाईकाचा चहा पिऊन होईस्तोवर नत्थू काम हातात देई.

चंद्रभाननं हे सगळं, तापवण्यापासून राखेत पुरण्यापर्यंत, बायकोला, कौशल्याबाईला सांगितलं. ती मागावर होती. धोटा न थांबवता तिनं ऐकून घेतलं.

"हे त बाळंतिणीवानीच हाय," ती म्हणाली. "शेक द्याचा, वारा लागू द्याचा नाही, अन् लवकर उठवाचं नाही."

दुसऱ्याच दिवशी यादोराव नावाचा शेतकरी पंपाचं फुटलेलं बिडाचं कवच घेऊन आला. काम झालं, पण कवच धानाच्या तुसाच्या राखेत पुरलेलं पाहून तो कुरकुरायला लागला. चंद्रभाननं हळूच सांगितलं की बीड आता बाळंतीण आहे, तिला वारा लागू नये. यादोरावाचा आवाज एकदम उतरला. चपला हातात घेऊन तो बाहेर गेला. उद्या यावं की परवा, एवढंच त्यानं विचारलं.

तिथून दुकानाचा नूर पालटला. राखेच्या ढिगाजवळ माणसं दबक्या आवाजात बोलू लागली. दार उघडं टाकलं म्हणून यादोरावाच्या म्हाताऱ्या आईनं खुद्द चंद्रभानला झापलं. पुली आली की चंद्रभान मान हलवून, हिचं आता वय गेलं, असं म्हणे. आनंदरावांनी तेवढ्यावर नवी पुली आणली आणि जुनीला गिरणीच्या दारात बसायची जागा दिली. जोड टिकत होते. पण त्याचं श्रेय गावानं राखेला दिलं.

नत्थूनंही मग राख आणली. वर नारळ ठेवला, दाराला पडदा लावला. तापवणं मात्र त्याला ठाऊक नव्हतं आणि कांडी तीच जुनी, त्यामुळे पडद्याआडही नग तडकत राहिले. शेवटी तो आंधळगावला आला आणि चंद्रभानच्या पायाशी बसून मंत्र मागू लागला.

चंद्रभानला त्याची दया आली. त्यानं दुकान बंद केलं, छिन्नी काढली, साल दाखवली, भुगा दाखवला, आणि मोतीलालनं सांगितलेलं सगळं, काही हातचं न राखता, नत्थूला सांगितलं. नत्थूनं बोटं काळी करून पाहिली आणि शांतपणे पुसली.

"सांगाचं नसन त नका सांगू भाऊ," तो म्हणाला. "पण मले फसवून काहून राहिले?"

चंद्रभानला याचं फार वाईट वाटलं. जाता जाता नत्थू त्याच्या घरावरून गेला आणि राखेत नेमकं काय टाकता, म्हणून त्यानं कौशल्याबाईला विचारलं. तिला कापड संपवायचं होतं. तिनं सांगितलं, ओवा.

पुढे मोहाडीच्या त्या दुकानातून ओव्याचा वास येऊ लागला. नग पहिल्यासारखेच तडकत, पण नत्थूच्या कामात आता फरक पडला आहे, असं गिऱ्हाईकं म्हणत.