ओझेलीचा हिरवा टॉवेल

पॅरिसमध्ये मोंमार्त्रच्या चढावर ओझेली नावाची परटीण होती. मी समोरच्याच मुलींच्या शाळेत शिकवायचे. माझ्या चादरी तिच्याकडेच जात. मोठ्या हाडाची, बोलायला मऊ. पण कुणाच्या कॉलरवर डाग राहिला तर तिला जेवण जात नसे.

तिच्या वरच्या मजल्यावर गोद्री नावाचा चित्रकार राहायचा. रविवारी ती त्याच्या खोलीत टबात बसून अंग धुवायची आणि तो चित्र काढायचा. "पाठच तर दिसते, बाई," ती मला म्हणाली होती. "पाठ काय, सगळ्यांनाच असते."

त्या वर्षी परटिणींच्या सणाला धोबीखान्याची राणी म्हणून तिचं नाव पुढे आलं. नऊ वर्षं ती याची वाट बघत होती. निवड हात वर करून व्हायची. नेमकं तिच्या आदल्या दिवशी ते चित्र कोपऱ्यावरच्या फ्रेमवाल्याच्या दुकानाच्या काचेत लागलं.

सगळ्या परटिणी ओल्या हातांनी धावल्या. मीही गेले. उघड्या पाठीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही.

"बायांनो, चित्रातला टॉवेल बघा तिचा!" थोरली बार्नाबे ओरडली. सगळ्यांत जुनी परटीण ती. तिचा हात जिकडे, तिकडे बाकीच्यांचे. "हिरवा! जांभळा! कुठल्या गटारात धुतलास गं?"

"हिला राणी केलं तर पलीकडच्या धोबीखान्यातल्या हसतील आपल्याला," दुसरी म्हणाली.

ओझेलीचा चेहरा उतरला. ती तडक गोद्रीच्या खोलीत गेली आणि त्याला दंडाला धरून दुकानापाशी घेऊन आली. दुसऱ्या हातात तोच टॉवेल, नुकताच उकळून धुतलेला.

"सांगा यांना, मॉस्यू! पांढरा आहे की नाही?"

"पांढराच आहे. पण मला असा दिसला."

"मग डोळे धुवायला टाका माझ्याकडे!"

तिने टॉवेल काचेसमोर उंच धरला. दुकानाच्या हिरव्या कापडी छपराखाली त्याच्या चुण्या हिरव्या दिसत होत्या, कडा जांभळट.

"याच्या खिडकीलाही हिरवाच पडदा आहे," ओझेली पुटपुटली.

बार्नाबेने टॉवेल ओढून घेतला, हुंगला, कड बोटांत चोळली. उन्हात नेला : पांढराशुभ्र. छपराखाली आणला : हिरवा. असं तिने तीनदा केलं.

"चाळीस वर्षं धुतेय मी," ती हळूच म्हणाली, "आणि हे कधी बघितलंच नाही."

दुसऱ्या दिवशी पहिला हात तिचाच वर गेला.

आता ते चित्र कुठे आहे, कोण जाणे. मला आठवते ती सणाच्या मिरवणुकीत सजवलेल्या गाडीवर कागदी मुकुट घालून बसलेली ओझेली. गर्दीत मी दिसताच ती वाजंत्र्यांपेक्षा मोठ्याने ओरडली, "बाई, तुमच्या चादरी सोमवारी हं!"