अळणी सोमवार

डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. किडनीत गाळलं गेलेलं मीठ तिथल्या बारीक नळ्या परत रक्तात ओढून घेतात. माझ्या नळ्यांना ते जमत नाही, मीठ लघवीवाटे निघून जातं. म्हणून मी मीठ जास्तच खायचं.

हे आईला सांगून सांगून माझं डोकं फिरायचं. पडेगावच्या शेजारणींनी तिच्या मनात भरवलं होतं की किडनीच्या दुखण्यात मीठ म्हणजे जहर. तिनं माझ्यासाठी अळणी सोमवार धरले आणि त्या दिवशी अख्ख्या घराला बिनमिठाचं जेवण. मी मीठ मागितलं की म्हणायची, "नवस मोडती का?"

ऐन उन्हाळ्यातल्या एका सोमवारी मी चक्कर येऊन पडले. डोळे उघडले तर आई रडत होती. "एक वार कमी पडला गं," ती म्हणाली, "आता रोजच धरते."