रॉइस टॅकेट पुढे गेला

रॉइस टॅकेटनं आमच्या कोल्टर्स गॅपच्या बॅप्टिस्ट चर्चमध्ये पहिल्यांदा गिटार आणली, तेव्हा मी महिनाभर त्याच्याशी बोलले नव्हते. लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून तिथला पियानो मी वाजवते. गिटारमागून ड्रम येणार, हे कळायला काही ज्योतिष लागत नाही, आणि आलाच. तरी खरं ते सांगते, त्याचा गळा गोड होता. टेनेसीच्या आमच्या भागात गळे पुष्कळ गोड असतात, पण रॉइस गायला लागला की पुढच्या बाकावरची माणसंसुद्धा घड्याळ बघायची विसरायची. एरवी तो शाळेची बस चालवायचा. ताडमाड उंच, आणि इतका भिडस्त की बसमध्ये कुणी सीटवर च्युइंगगम चिकटवलं तर खाली उतरून स्वतःच खरवडायचा.

त्या माणसानं उन्हाळ्याच्या सुट्टीत नॅशव्हिलला जाऊन दहा गाण्यांचा अल्बम केला. चाली अशा की भांडी घासताना आपसूक गुणगुणाव्यात. शब्दांकडे लक्ष गेलं की मात्र हातातली बशी तशीच राहायची. एका गाण्यात मुलं उतरून गेलेल्या बसमध्ये तो एकटा प्रार्थना करतो आहे, आणि उत्तर म्हणून नुसता वायपरचा आवाज येतो आहे. दुसऱ्यात आईच्या उशाशी बसून तो देवाला म्हणतो, मी इथं आहे, तू कुठं आहेस. दहाव्या गाण्यात तरी देव बोलेल म्हणून मी शेवटपर्यंत ऐकलं. नाही बोलला.

आता आमच्यात चर्चमध्ये उभं राहून साक्ष देतात, म्हणजे देवानं आपलं काय भलं केलं ते सांगतात, ती संकट टळल्यावर. दारूत बुडालो होतो, प्रभूनं वर काढलं. बायको सोडून गेली होती, प्रभूनं परत आणली. मी अजून गटांगळ्या खातोय, अशी साक्ष कुणी देत नाही, कारण मग लोकांनी 'आमेन' कुठं म्हणायचं?

त्यामुळे अल्बम आल्यावर आधी फोन सुरू झाले. आमच्याकडे कुणावर वेळ आली की एका बाईनं दुसरीला फोन करायचा आणि प्रार्थना करायला सांगायचं, दुसरीनं तिसरीला. रॉइस जरा उदास आहे, असं पहिलीनं सांगितलं. शेवटच्या घरी फोन पोचला तेव्हा त्याला कॅन्सर झाला होता. दोन दिवसांत त्याच्या बायकोच्या, नडीनच्या, फ्रीजमध्ये चिकन-नूडलच्या थाळ्यांवर थाळ्या चढल्या. प्रत्येकीच्या तळाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव, म्हणजे भांडं परत यावं. सगळं खाऊन नवराबायको दोघंही जाड झाली.

तो धडधाकट आहे असं दिसल्यावर लोकांनी अल्बम विकत घ्यायला सुरुवात केली. डेंटिस्टच्या दवाखान्यात त्यातली गाणी लागली. 'तू कुठं आहेस' हे गाणं तर एका लग्नात वाजलं, नवरी आत येताना. आणि पाळकांनी, म्हणजे ब्रदर हर्शलनी, भर उपासनेत सांगितलं की ब्रदर रॉइसनं आपल्या जुन्या अंधाऱ्या दिवसांवर किती सुंदर गाणी लिहिली आहेत.

उपासना संपल्यावर रॉइसनं त्यांना पियानोपाशीच गाठलं.

"ब्रदर हर्शल, ते दिवस जुने नाहीत हो. परवाचेच आहेत."

"तुझा हा नम्रपणाच मला आवडतो बघ," ब्रदर हर्शल म्हणाले आणि त्याची पाठ थोपटून जेवायला गेले.

रॉइसला काय हवं होतं ते मला तेव्हा कळलं. कौतुक नको होतं आणि चिकनही नको होतं. आपण म्हणतोय ते कुणीतरी एकदा नीट ऐकून घ्यावं, एवढंच हवं होतं. दहा गाणी करून ते जमलं नव्हतं. मला त्याची फार दया आली, आणि मी गाण्यांच्या वह्या आवरायच्या निमित्तानं खाली वाकले.

ऑगस्टमध्ये आठवडाभराच्या खास सभा असतात. प्रवचन संपलं की संथ गाणं सुरू होतं, आणि ज्याला देवापाशी काही मांडायचं असेल तो पुढे येऊन पाळकाच्या कानात सांगतो. मग पाळक ते सगळ्यांना जाहीर करतो. पापी येतो तो बाप्तिस्म्यासाठी, गावात नवा आलेला येतो तो सभासद व्हायला. बाप्तिस्मा झालेला, रोजचा, गाणी म्हणणारा बाप्या पुढे आला तर त्याचा एकच अर्थ होतो: देवानं त्याला प्रचारक व्हायला बोलावलंय. दुसरं कारण आमच्याकडे कुणी ठेवलेलंच नाही.

शुक्रवारी तिसऱ्या कडव्यावर रॉइसनं गिटार खाली ठेवली आणि तो पायऱ्या उतरून पुढे गेला. मी एकटीच वाजवत राहिले. त्यानं तोंड उघडण्याआधीच ब्रदर हर्शलचे डोळे भरून आले होते. रॉइस कानात बोलत होता, आणि ते त्याला मिठीत घेऊन डुलत होते.

"बंधुभगिनींनो," ते गदगदून म्हणाले, "ब्रदर रॉइसनं आज प्रचारक व्हायचं ठरवलंय."

'आमेन'नं छत हाललं. नडीन तेवढी पांढरीफटक पडली. लोक हस्तांदोलनासाठी रांगेत उभे राहिले. रॉइसनं मायक्रोफोनकडे पाहिलं आणि एक पाऊल टाकलं. आता हा बोलणार, आणि बोलला की या चर्चमध्ये त्याला जागा राहणार नाही, असं मला वाटलं. माझी बोटं थांबली.

पण रांगेत पहिला ओटिस प्रुइट होता. त्याची मुलगी गाडीच्या अपघातात गेल्यापासून तो शेवटच्या बाकावर बसायचा आणि गाण्याचं पुस्तक उघडायचा नाही. त्यानं रॉइसचा हात धरला तो सोडलाच नाही.

"ते बसमधलं गाणं मी रोज लावतो," तो म्हणाला. "माझ्याशीबी तो बोलत नाही. मला वाटायचं मीच एकटा. तू प्रवचन करणार असशील तर मी येईन ऐकायला."

रॉइस मायक्रोफोनपर्यंत गेला नाही. मागून आलेल्यांतले निम्मे असेच कानाशी वाकले. हळू आवाजात काहीतरी सांगायचं आणि मग मोठ्यानं "अभिनंदन" म्हणायचं. त्यात चर्चचा कारभार बघणाऱ्या एका डीकनची बायकोही होती, जी मला आजवर पवित्र आत्म्याची सख्खी मावशी वाटायची.

मी शेवटी गेले.

"मिस व्हर्लीन," तो म्हणाला, कारण आमच्याकडे मोठ्या बाईला लग्न झालं तरी मानानं मिसच म्हणतात, "मी प्रचारक होणार असं म्हटलंच नव्हतं."

"ठाऊक आहे मला."

"देव माझ्याशी बोलत नाही, असं सांगितलं मी ब्रदर हर्शलच्या कानात. आता काय करू? सांगून टाकू सगळ्यांना?"

ओटिस दाराशी हॅट हातात घेऊन थांबला होता. एरवी शेवटचं आमेन पडायच्या आत त्याचा ट्रक सुरू झालेला असायचा.

"आधी त्याला जाऊन सांग," मी म्हटलं. "मग बाकीच्यांना सांग."

रॉइसनं कुणालाच सांगितलं नाही. आता डोंगरातल्या एका लहान चर्चमध्ये तो पाळक आहे. रविवारी तिथं गाडी लावायला जागा मिळत नाही. लांबलांबून माणसं येतात, का ते विचारलं तर म्हणतात, तिथं बरं वाटतं. ब्रदर हर्शल अजून सगळ्यांना सांगतात की याचं बोलावणं मी आधी ओळखलं. मीही तिकडेच वाजवायला जाते, ड्रम नको या अटीवर.

उपासनेआधी आम्ही दोघंच असतो, तेव्हा मी त्याला विचारते, "बोलला का काही?"

"नाही," रॉइस म्हणतो. "तुमच्याशी?"

"नवरा गेल्यापासून नाही," मी म्हणते. मग तो दारं उघडायला जातो, कारण माणसं आलेली असतात.