झिजलेला अंगठा

रेशनचं धान्य आलं नाही की आमच्या घरी चूल पेटत नसे. म्हणून सरकारी योजना आणि मतदान यांवर प्रबंध लिहायचा ठरल्यावर मी थेट रेशन दुकानात जाऊन बसले. धुणीभांडी करणाऱ्या यमुनामावशींचा झिजलेला अंगठा यंत्र ओळखेना. त्यांनी तो केसांवरून फिरवला, पदराला पुसला.

“मावशी, पुढच्या महिन्यात या,” दुकानदार म्हणाला.

रिकाम्या पिशवीची घडी घालत त्या वळल्या. मी विचारलं, “मग मत कशाला देता?”

“तिथं बोटाला शाई लावतात गं. परत पाठवत नाहीत.”

पाच वर्षांतून एक दिवस ओळख पटते, तेवढीच. माझ्या प्रश्नावलीत या उत्तराला रकाना नव्हता. मी ‘इतर’वर खूण केली. मावशींचं धान्य अजून बंदच आहे. मला पीएच.डी. मिळाली.