नाकवाल्या ट्रकची मालकीण

काकू सकाळी मैदानावर पोचल्या, आपल्या ट्रकभोवती एक फेरी मारून पाहावी म्हणून निघाल्या आणि ड्रायव्हरच्या दारापाशी येऊन थांबल्या. दारावर नाव लिहिलं होतं. पिवळ्या रंगात, टपोऱ्या वळणदार अक्षरांत त्यांच्या वारलेल्या नवऱ्याचं नाव, आणि त्याखाली 'यांच्या स्मरणार्थ'.

काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आता कुणी म्हणेल, यात रागावण्यासारखं काय आहे? बाईचा नवरा गेला, जुन्या गाड्यांच्या मेळाव्याला ट्रक निघालाय, मुलाने हौसेनं बापाचं नाव घातलं. डोळे पुसायचे सोडून चिडायचं कशाला? असंच म्हणणाऱ्या लोकांनी काकूंना गेली कित्येक वर्षं छळलं आहे. त्यामुळे आधी काकू कोण, ते सांगितलेलं बरं.

ट्रान्सपोर्टच्या अड्ड्यामागे पत्र्याची एक शेड आहे, तिथे काकू ताडपत्र्या शिवतात. जाड सुई, मेण लावलेला दोरा आणि तळव्याला चामड्याचा पट्टा. लग्नाआधीपासून हेच काम. ताडपत्रीचं माप घ्यायचं तर ट्रकवर चढावं लागतं, आणि चढता चढता काकूंचा ट्रकवर जीव जडला. कुणाला सोनं आवडतं, कुणाला मांजर आवडतं, काकूंना लांब नाकाचे, म्हणजे केबिनपुढे बॉनेट आलेले जुने ट्रक आवडतात. जेवणाच्या सुट्टीत त्या ट्रकखाली शिरून बसायच्या. ड्रायव्हर मंडळी आधी हसली, मग पाना धर म्हणू लागली, आणि शेवटी एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने सीटकव्हरच्या बदल्यात त्यांना ट्रक चालवायला शिकवलं. जड वाहनाचं लायसन्स काकूंनी पहिल्या फटक्यात काढलं. त्यावरच्या फोटोतसुद्धा त्यांच्या कपाळाला आठी आहे.

नवरा पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात कारकून. माणूस वाईट नव्हता. दारू नाही, शिवी नाही, पगार सरळ घरात. पण ट्रकचा आणि त्याचा छत्तीसचा आकडा. कुणाच्या स्कूटरवर मागे बसला तरी डोळे मिटून घ्यायचा. काकूंच्या हाताला ग्रीस दिसलं की ताट उचलून दुसऱ्या खोलीत जेवायला जायचा. काकूंनी पहिला नाकवाला ट्रक घेतला आणि घरामागच्या अंगणात आणून उभा केला, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "भंगाराला कोणी पाहुणा म्हणून घरी आणतं का?"

तो ट्रक काकूंनी दोन हातांनी उभा करत आणला होता. आणि मग बहिणीच्या बाळंतपणाला त्या गावी गेल्या. परत आल्या तर अंगणात तेलाचा काळा डाग होता, त्याच्यावर फुलझाडांच्या कुंड्या ओळीने मांडलेल्या होत्या, आणि नवरा म्हणाला, "बघ, कसं मोकळं मोकळं वाटतंय!" त्याने ट्रक भंगारवाल्याला विकला होता. काकू धावत भंगारवाल्याकडे गेल्या. केबिनचे तुकडे झाले होते. घरी येऊन त्यांनी एकेक कुंडी उचलून आपटली. सगळ्या आपटून झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि स्वयंपाकाला लागल्या. मुलगा तेव्हा पाचेक वर्षांचा होता. त्याला कशाला बापाविषयी वाईट सांगायचं, म्हणून त्यांनी ही गोष्ट तिथेच गिळली.

पुढे बऱ्याच वर्षांनी त्यांना दुसरा ट्रक मिळाला, तसाच, लांब नाकाचा. एका बंद पडलेल्या वीटभट्टीमागे पडून होता, हौद्यातून झाड उगवलेलं. इंजिन ठार जाम. काकूंनी सिलिंडरमध्ये तेल ओतलं आणि रोज कामावरून आल्यावर इंजिनला थोडा हिसका देऊन पाहिला. घाई केली तर आतलं काहीतरी मोडणार, म्हणून नुसता हिसका. घरच्या माणसांच्या बाबतीत जेवढा धीर त्यांनी कधी धरला नाही, तेवढा त्या इंजिनाच्या बाबतीत धरला. एका संध्याकाळी ते केसभर हललं. नवरा खिडकीत उभा होता. म्हणाला, "अजून किती दिवस चालणार हे?" पुढच्याच वर्षी तो आजारी पडून गेला. त्याच्या अख्ख्या आयुष्यात त्याने या ट्रकच्या एका बोल्टाला हात लावला नव्हता.

आणि तो गेल्यावर गंमत सुरू झाली. ट्रक बघायला येणारा प्रत्येक जण टोपी काढून विचारायचा, "साहेबांचा का?" जुन्या गाड्यांच्या मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, त्यांचं अपुरं काम तुम्ही पुरं करताय, कौतुक आहे." पेपरवाला आला. काकूंनी त्याला तीनदा सांगितलं की नवऱ्याचा याच्याशी काडीचा संबंध नाही. त्याने मान डोलावली, सगळं लिहून घेतलं आणि छापलं, 'पतीची आठवण जपणारी पत्नी'. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते उगाच नाही. काकूंनी त्या कागदाने ट्रकचा आरसा पुसला. आयत्या बिळावर नागोबा व्हायला माणूस निदान जिवंत तरी लागतो, ह्याने तेही केलं नाही.

तर असं सगळं झाल्यावर, आज त्या दारावर ते नाव.

मुलगा चहाचे दोन कप घेऊन हसत हसत आला. जुनं इंजिन वाटेत तापू नये म्हणून ट्रेलरवर चढवून ट्रक कालच त्याने मैदानावर आणला होता.

"कसं वाटलं? काल संध्याकाळी पेंटर बोलावला. तुला सरप्राइज!"

"टर्पेंटाइन आण," काकू म्हणाल्या.

"काय?"

"टर्पेंटाइन. आणि फडकं. थिनर आणू नकोस, खालचा रंग उठेल."

"आई, लोक बघतायत."

"बघू देत. इतकी वर्षं आंधळे होते, आज तरी बघतील."

तो हलला नाही. तेव्हा काकूंनीच हत्यारांच्या पेटीतून बाटली काढली, फडकं भिजवलं आणि 'यांच्या स्मरणार्थ'वर दाबून धरलं. रंग कालचाच होता, मऊ होता. पिवळा ओघळ खाली उतरला. शेजारच्या गाडीचा मालक कौतुकाने बघत होता, तो हळूच दुसरीकडे बघू लागला.

"त्याने माझा ट्रक विकला होता," काकू फडकं फिरवत म्हणाल्या. आवाज त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा मोठा निघाला. "पहिला. मला न विचारता. भंगारात घातला. तुला सांगितलं नाही कधी, पण आज ऐक."

"मला माहीत आहे."

काकूंचा हात थांबला.

"मी होतो त्या ट्रकमध्ये," मुलगा म्हणाला. "भंगारवाल्यांनी ट्रक ओढून न्यायला दुसऱ्या गाडीला साखळी बांधली होती. बाबा स्टिअरिंगवर बसले आणि मला मांडीवर घेतलं. बाबा कधी ट्रकमध्ये चढायचे नाहीत ना, मला वाटलं, आता बाबांनाही ट्रक आवडायला लागला. सगळ्या रस्त्याने मी तोंडाने हॉर्न वाजवत होतो. बाबा हसत होते." त्याने कप चाकाजवळ जमिनीवर ठेवले. "बाबांबरोबरचा एवढा चांगला दिवस मला दुसरा आठवतच नाही. नंतर तू कुंड्या फोडल्यास तेव्हा कळलं, आपण काय करून आलो."

"मग हे का लिहिलंस?"

"वाटलं, तेवढं तरी त्यांच्या नावावर चांगलं लागेल."

काकूंना वाटलं, आता राग उतरेल. तो उतरला नाही, उलट भडकला. नवरा आपल्या ट्रकच्या स्टिअरिंगवर पहिल्यांदा बसला तो ट्रक विकायला नेताना, त्याच्या मांडीवर आपलं पोर, आणि दोघं हसत होते. इतक्या वर्षांत ही गोष्ट त्यांना कुणी सांगितली नव्हती. बहिणीच्या घरी त्या बाळाची दुपटी धूत होत्या तेव्हा हे चाललं होतं.

"तो दिवस तुझा आहे," त्या म्हणाल्या. "ठेव तुझ्याजवळ, मी काढून घेत नाही. पण त्याच्या नावावर चांगलं लावायचं असेल तर स्वतःच्या कमाईतून लाव. माझ्या दारावर नाही."

आणि त्यांनी उरलेलं नाव पुसलं, एकेक अक्षर, शेवटच्या वेलांटीपर्यंत. मुलगा उभा राहून बघत होता. बापाचं नाव आईच्या हाताने असं जाताना बघणं काही सोपं नसतं. काकूंना ते कळत होतं, आणि तरी त्यांनी पुसलं.

मिरवणूक सुरू झाली. काकू स्टिअरिंगवर बसल्या, मुलगा क्लीनरच्या बाजूला चढला. इंजिन दोनदा खोकलं आणि लागलं. गाड्या एकामागून एक मांडवासमोर जात होत्या आणि सेक्रेटरी माइकवर कागदावरून वाचत होते. काकूंचा नंबर आला.

"आणि हे एका दिवंगत ट्रकप्रेमीचं स्वप्न! त्यांच्या मागे त्यांच्या पत्नीने..."

काकूंनी ब्रेक दाबला. ट्रक मांडवासमोर कचकन थांबला, मागची रांगही थांबली. त्या दार उघडणार, एवढ्यात दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि मुलगा खाली उतरला. तो सरळ मांडवात गेला.

"ते चुकलंय," तो सेक्रेटरींना म्हणाला. "हा ट्रक माझ्या आईचा आहे."

सेक्रेटरींच्या हातातला माइक तसाच दोघांच्या मध्ये होता. अख्खं मैदान ऐकत होतं.

"हो हो, वहिनींचाच. पण दुरुस्तीचं काम तुमच्या वडिलांनीच सुरू केलं ना?"

"नाही. आईनेच सुरू केलं, आईनेच संपवलं."

"मग वडिलांनी काय केलं?"

मुलाने मांडवातून आईकडे वळून पाहिलं. काकूंनी केबिनमधून त्याचा चेहरा पाहिला. लहानपणी सुईला हात लावून बोट टोचून घेतल्यावर त्याचा चेहरा असाच व्हायचा.

"वडिलांनी आईचा पहिला ट्रक भंगारात विकला," तो म्हणाला. भोंग्यांतून ते मैदानाच्या पार टोकापर्यंत ऐकू गेलं. "मी त्यांच्याबरोबर होतो."

कुणी टाळी वाजवली नाही. सेक्रेटरींनी कागद उलटून पाहिला, मागे काही लिहिलेलं नव्हतं.

मुलगा परत येऊन केबिनमध्ये चढला. मैदानाकडे न बघता त्याने दार नुसतं ओढून घेतलं. काकूंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्यांना बरं वाटलं होतं, फार बरं वाटलं होतं, आणि पोराची ही अवस्था असताना आपल्याला एवढं बरं वाटावं याचीही त्यांना लाज वाटली नाही. त्यांनी क्लच दाबला, गिअर टाकला आणि ट्रक पुढे काढला.

"दार नीट लाव," त्या म्हणाल्या. "आदळू नकोस."