नववं दार

आजोबांना बसायला सांगणं म्हणजे त्यांना शिक्षाच होती. बसलेच तर खुर्चीच्या कडेवर, पायांत बूट, आणि उजवी टाच सारखी जमिनीवर आपटत.

"खुर्चीला काय काटे आहेत?" आजी विचारायची.

"काटे नाहीत, दारं राहिलीत," असं म्हणून ते निघायचेच.

फौजेत ते तारा टाकायचे. खांद्यावर तारेचं रीळ घेऊन डोंगर चढायचा, एका ठाण्यापासून दुसऱ्यापर्यंत टेलिफोनची तार ओढायची, आणि मग तासातासाला हँडल फिरवून प्रत्येक ठाण्याला विचारायचं, "आहेस का?" पलीकडून "आहे" आलं की पुढचं ठाणं. बंदूक त्यांनी फारशी चालवली नाही, तरी गल्ली त्यांना मेजर म्हणायची. आधी ते दुरुस्ती करायचे, "अरे, साधा शिपाई होतो." मग फुकटची बढती कोण नाकारतो म्हणून गप्प बसले.

घरी आल्यावरही चाळीस वर्षं रोज सकाळी सव्वासातला ते बाहेर पडत आणि नऊ दारं करून येत. टक-टक, जरा थांबून टक. दार उघडलं की शिंप्याच्या मिशीला नावं ठेवायची, दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारायचं, "आज किती जणांना रंगीत पाणी पाजलंस?" आणि लोक हसत असतानाच पुढे निघायचं. आम्हांला वाटायचं, माणूस बोलका आहे, गप्पांशिवाय याला अन्न गोड लागत नाही.

एकदाच, बुटांची नाडी बांधता बांधता, ते मला म्हणाले होते, "एक ठाणं बोलेना. मला वाटलं, डुलकी लागली असेल गड्याला. चहा संपवला, मग निघालो."

"मग?"

"मग काय. चहा संपवायला नको होता." नाडी घट्ट ओढून ते उठले. "आवाज आला नाही तर वाट बघायची नाही. निघायचं."

गेले तेही सोमवारी सकाळी, सव्वासातच्या आत. एक बूट पायात, दुसरा हातात. वय एकोणनव्वद.

बुधवारी घरात पाय ठेवायला जागा नव्हती. शेजाऱ्यांच्या खुर्च्या आणल्या, तरी निम्मे लोक उभेच. बेकरीवाला आला, शिंपी आला, कंपाउंडर, वाचनालयातल्या बाई, इस्त्रीवाली, पाठोपाठ आणखी तिघं. जो तो तेच सांगत होता, "रोज यायचे हो. एक दिवस चुकले नाहीत." मी कप गोळा करत होते आणि माझं कशातच लक्ष लागत नव्हतं. काहीतरी राहिलंय असं सारखं वाटत होतं. गॅस बघून आले. नळ बघून आले. मग लक्षात आलं, मी दारं मोजते आहे. आठ झाली होती.

"बाबा, नववं कुणाचं?"

"आपलंच असेल," बाबा म्हणाले.

"आपलं दार तो माणूस मोजण्यात धरायचा का कधी?" आजी कोपऱ्यातून म्हणाली. रडून तिचा आवाज बसला होता, पण टोमणा शाबूत होता.

आत्या म्हणाली, "तू बस बरं जरा. अगदी त्यांच्यासारखं करतेस." मी खाली पाहिलं. माझी टाच हलत होती.

बेकरीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "मेजर रोज एक मऊ पाव बांधून घ्यायचे. स्वतःचे दात तर दगड फोडतील असे. दुसऱ्या कुणासाठी तरी असणार."

"वरच्या घड्याळवाल्यासाठी," इस्त्रीवाली म्हणाली. "माझ्या डोक्यावरच राहतो. गुडघे गेलेत, दुकान कधीच बंद केलं."

"त्यांना सांगितलंत ना?"

"मी? तो वरून पाणी सांडतो, माझ्या इस्त्रीचे कपडे भिजतात. दोन वर्षं आमचं बोलणं नाही. मला वाटलं, तुम्हीच सांगितलं असेल."

माझ्या हातात कप तसेच होते. ते खिडकीत ठेवले आणि निघाले. आत्या मागून विचारत होती, आत्ता कुठे. चौकापर्यंत चालले, पुढे पळालेच. तीन दिवस. एकट्या माणसाला तीन दिवसांत काहीही होऊ शकतं.

जिना अरुंद होता. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप लागली होती. आतून कसलाच आवाज नव्हता. मी हात उचलला आणि विचार न करता वाजवलं. टक-टक. टक.

आत खुर्ची करकरली.

"आलास? तीन दिवस कुठे मेला होतास?" काठीचे ठोके दाराकडे येऊ लागले. "बिस्किटांवर काढले तीन दिवस. सोंगट्या तशाच मांडून ठेवल्यात, हात लावलेला नाही. हरायची भीती वाटली असेल!"

दार उघडलं. हसऱ्या तोंडाचा, दाढी वाढलेला म्हातारा. त्याने डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावरून जिन्याकडे.

"मी त्यांची नात."

"असशील. तो कुठाय?"

वाटेत मी फक्त त्याला काही झालं नसू दे एवढंच घोकत आले होते. काय बोलायचं ते ठरवलंच नव्हतं.

"आजोबा गेले. सोमवारी सकाळी."

तो बराच वेळ काठीची मूठ चोळत राहिला. त्याच्या मागे टेबलावर पट आणि सोंगट्या दिसत होत्या.

"मग तसं वाजवलंस कशाला?" तो म्हणाला.

"चुकलं माझं."

"दार ओढून घे जाताना."

गुरुवारी सकाळी सव्वासातला मी मऊ पाव घेऊन त्याच दारासमोर उभी होते. या खेपेला सरळ, तळहाताने, एकदाच थाप मारली. आत शांतता. आजोबा थांबले नसते. मी पुन्हा हात उचलला, तेवढ्यात काठी वाजली.

"कोण?"

"मी. पाव आणलाय."

"खेळता येतं का?"

"नाही."

काठी दाराला टेकल्याचा आवाज आला. मग कडी निघाली.

"बस," तो म्हणाला. "त्याची चाल राहिली आहे."